लाल शाईचा शेरा

मीटरवाल्यांबद्दल लिहायचं तर आधी थोडं माझ्याबद्दल लिहावं लागेल, आणि त्यातलं काहीच मला आवडणारं नाही. पण टाळाटाळ मी आधीच पुष्कळ केली आहे, तेव्हा लिहितो.

माझं जुन्या नाण्यांचं दुकान आहे. दोन काउंटर, एक काचेचं कपाट, एक टेबललॅम्प आणि मी. लोक मला भिंगवाले म्हणतात, कारण भिंग दोरीनं माझ्या गळ्यातच असतं, अगदी जेवतानासुद्धा. आमची ही म्हणते, आंघोळीला जाताना तेवढं काढता हेच उपकार. आमच्याकडे नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे, पस्तीस-चाळीस डोकी. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बैठक भरते. ज्याला आपलं नाणं पारखून हवं असेल त्यानं ते कागदी पाकिटात घालून माझ्यासमोर ठेवायचं. मी भिंगातून बघतो, पाकिटावर लाल शाईनं शेरा लिहितो, खाली सही करतो. ते पाकीट पुढे कायम नाण्याबरोबर राहतं, बदलायचं नाही, फाडायचं नाही. हा नियम मीच केला, वीस वर्षांपूर्वी, आणि तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

आता बाहेरच्या माणसाला एक गोष्ट पटवून देणं म्हणजे डोक्याला ताप. नाणं साफ करायचं नसतं. लोक म्हणतात, अहो, घाण काढली तर बिघडलं काय? सगळं बिघडतं. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यावर एक चकाकी असते. दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवलं की ती चकाकीही फिरते, चाकाच्या आऱ्यांसारखी. ती त्या धातूच्या अगदी वरच्या पापुद्र्यात असते. तुम्ही चिंच लावा, राख लावा, टूथपेस्ट लावा, नुसतं फडक्यानं घासा, पापुद्रा गेला की चकाकी गेली. मग नाणं चमकतं, पण घासलेल्या भांड्यासारखं चमकतं. भिंगातून बघितलं तर केसासारख्या बारीक रेघा दिसतात, सगळीकडे पसरलेल्या. आणि अक्षरांच्या फटींतला जुना मळ कुठे अर्धवट निघालेला, कुठे राहिलेला. अशा नाण्याला मंडळात कोणी विचारत नाही. जो असं नाणं साफ केलेलं नाही म्हणून पुढे करतो, त्याच्याकडे लोक कसे बघतात ते तर सांगायलाच नको.

मीटरवाले आमच्याकडे एकोणीस वर्षं येत होते. वीज कंपनीत मीटर रीडर होते, चौतीस वर्षं नोकरी. लोकांच्या जिन्याखाली, पायखान्यामागे, कुत्र्याच्या साखळीच्या टप्प्यात वाकून टॉर्चच्या उजेडात आकडे वाचायचे आणि वहीत उतरवायचे. उंच माणूस, पण वाकून वाकून मान कायमची पुढे आलेली. घराला कुलूप असलं की बाकीचे रीडर अंदाजे आकडा टाकून मोकळे व्हायचे. हे परत जायचे. दोनदा, तीनदा, रविवारीसुद्धा. मी एकदा त्यांना म्हणालो, "तुम्हाला कोण विचारणार होतं हो?" तर म्हणाले, "विचारत नाही कोणी, पण आकडा तर तिथेच असतो ना." मी त्यावर हसलो होतो. दुकानात आलेल्या दोन-चार जणांना ते वाक्य नक्कल करून सांगितलंही होतं.

त्यांच्याकडे भारी म्हणावं असं एकच नाणं होतं. चांदीचं, एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला एका बाईचा चेहरा. त्यांच्या सासऱ्यांनी लग्नात हातावर ठेवलेलं. सासरे बँकेत शिपाई होते. नवीन नाण्यांची कागदी गुंडाळी फुटली तेव्हा त्यातलं एक त्यांनी पगारातून बदलून घेतलं आणि मुलीच्या लग्नापर्यंत कागदातच ठेवलं. म्हणजे बाजारात एकदाही न फिरलेलं नाणं. मीटरवाल्यांनी ते ठेवायला माझ्याच दुकानातून अल्बम घेतला होता. पुठ्ठ्याच्या पानाला गोल भोकं, भोकात नाणं बसवायचं आणि वरून-खालून प्लास्टिकची पारदर्शक पट्टी सरकवायची, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. मीच म्हणालो होतो, "हा घ्या, डोळे मिटून घ्या. यात नाण्याला वाराही लागायचा नाही."

दर वर्षी मंडळाचं प्रदर्शन असतं. त्यात मधोमध एक छोटी काचपेटी ठेवतो. एका सभासदाचं एकच नाणं आणि त्याची गोष्ट लिहिलेली. एकोणीस वर्षांत मीटरवाल्यांनी मंडळाकडे काही मागितलं नव्हतं. सतरंज्या घालायला पुढे, खुर्च्या उचलायला पुढे, पण मागणं नाही. त्या वर्षी त्यांनी मधली पेटी मागितली. गोष्ट लिहूनही आणली होती, पान दीड पान, मीटरच्या आकड्यांसारख्या सुट्या सुट्या अक्षरांत. फक्त माझा शेरा व्हायचा बाकी होता.

आता माझं सांगतो. त्याच्या आदल्या महिन्यात मी सपशेल तोंडघशी पडलो होतो. परगावचा एक व्यापारी मला एक साफ केलेलं नाणं देऊन गेला. त्यानं ते घासून वर गंधकाचा धूर देऊन पुन्हा काळं केलेलं होतं, आणि मी ते छातीठोकपणे अस्सल म्हणून बैठकीत दाखवलं. दाताच्या डॉक्टरांनी, ते आमचेच सभासद, माझ्याच भिंगातून बघून माझी चूक काढली. चार लोकांत नाक कापलं गेलं. सगळे हसले, मीही हसलो, आणि घरी जाऊन हिच्यावर ओरडलो, की भाजीत मीठ नाही. मीठ होतं.

तर त्या रविवारी मी ठरवूनच आलो होतो की आज कोणाची गय करायची नाही. मला नाणी बघायचीच नव्हती, मला माझा डोळा शाबूत आहे हे दाखवायचं होतं. समोर पंधरा पाकिटं. वाचनालयाचा टेबललॅम्प बिघडलेला, वर नुसती ट्यूबलाइट. मीटरवाल्यांचं पाकीट नववं किंवा दहावं असेल. मी नाणं काढलं, भिंग लावलं, बाईच्या गालावर बारीक रेघा दिसल्या. झालं. किती वेळ बघितलं असेल? फार तर आठ सेकंद. दिव्याखाली फिरवलं नाही. मागची बाजू बघितली, पण बघितल्यासारखी.

"काय मीटरवाले," मी मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच, "बाईंना आंघोळ कशानं घातलीत? राखेनं की टूथपेस्टनं?"

लोक हसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मीटरवाले हसत हसतच पुढे आले, त्यांना वाटलं मी नुसती थट्टा करतोय. मग त्यांनी पाकीट बघितलं. म्हणाले, "नाही हो, मी हात लावलेला नाही."

"रेघा आहेत इथे ढीगभर. आपोआप आल्या का?"

"मी खरंच नाही लावला हात. अल्बममध्येच असतं ते."

"मग घरात दुसऱ्या कोणी लावला असेल," मी म्हणालो. "कपाट आवरताना बायका काय काय घासतात, आपल्याला कुठे कळतं? घरी विचारा." आणि पाकिटावर लाल शाईनं लिहिलं, साफ केलेलं. खाली सही केली आणि पुढचं पाकीट उचललं.

त्यांनी शेरा वाचला. मग पाकीट शर्टाच्या खिशात घातलं, बैठक संपल्यावर नेहमीप्रमाणे खुर्च्या उचलून भिंतीशी लावल्या आणि गेले. पुढच्या बैठकीला आले नाहीत. प्रदर्शनाला आले नाहीत. मधल्या पेटीत कोणा एकाचं तांब्याचं नाणं ठेवलं. कुणीतरी विचारलं, मीटरवाले कुठे गायब झाले? त्यावर मी काय म्हणालो ते मला चांगलं आठवतं. म्हणालो, "लबाडी उघडी पडली की माणूस तोंड दाखवत नाही." हे त्या माणसाबद्दल, ज्यानं चौतीस वर्षांत एक आकडा अंदाजे लिहिला नाही. आणि त्याचं नाणं मी अंदाजे वाचलं होतं.

आठेक महिन्यांनी दाताचे डॉक्टर दुकानात आले. माझ्याकडूनच तीन वर्षांपूर्वी घेतलेलं एक नाणं दाखवायला आणलं होतं. ते नाणं मला पाठ होतं. त्याच्यावर डाग नव्हता, रेघ नव्हती. मीच माझ्या हातानं त्यांच्या अल्बममध्ये बसवून दिलं होतं, तोच अल्बम, पट्ट्यांचा. आता भिंगातून बघतो तर चेहऱ्याच्या गालावर, केसांच्या उंचवट्यावर बारीक रेघा.

"साफ केलंत?" मी विचारलं.

"वेड लागलंय का मला?" डॉक्टर म्हणाले.

मी टेबललॅम्प लावला आणि नाणं हळूहळू फिरवलं. चकाकी फिरत होती, सगळ्या नाण्यावर, अख्खी. सपाट भागात एकही रेघ नाही. अक्षरांच्या फटींत मळ जागच्या जागी. रेघा फक्त उंचवट्यावर, आणि सगळ्या एकाच दिशेला, सरळ, समांतर. फडकं कधी असं फिरत नाही. फडकं गोल फिरतं, खळग्यात शिरतं, काठ घासतं. मी डॉक्टरांचा अल्बम घेतला, प्लास्टिकची पट्टी सरकवून बाहेर काढली, आत घातली, बाहेर काढली. पट्टी नाण्याच्या उंच भागाला घासत होती. नाणं बघायला जितक्या वेळा पट्टी काढाल तितक्या रेघा.

डॉक्टर काहीतरी विचारत होते, मी म्हटलं, "दुकान बंद करायचंय, उद्या या." भर दुपारी, साडेबाराला. ते गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि बसून राहिलो. गालावरच्या रेघा. मीटरवाल्यांच्या नाण्यावरही गालावरच होत्या. सपाट भाग मी बघितला होता का? आठवेना. आठवेना म्हणजे बघितलाच नव्हता.

मग मी ताबडतोब त्यांच्याकडे गेलो असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी दीड महिना गेलो नाही. आधी म्हटलं, त्यांचं नाणं खरंच साफ केलेलं असेलही, कशावरून नाही? मग म्हटलं, आता एवढ्या दिवसांनी जखमेवरची खपली कशाला काढा. मग पाठ धरली, ती चार दिवसांत सुटली तरी मी आणखी आठ दिवस धरून ठेवली. दुकानात कोणी नाणं दाखवायला आणलं की मी म्हणायचो, ठेवून जा, सवडीनं बघतो. आणि बघायचो नाही. भिंग डोळ्याला लावायचीच लाज वाटायला लागली.

शेवटी हिनं विचारलं, "काय झालंय? गेले महिनाभर भाजीला नावं ठेवलेली नाहीत तुम्ही." मी सांगितलं. सगळं. तिनं ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाली, "त्यांना हसलात ते सगळ्यांसमोर, आणि चूक तेवढी मला एकटीला सांगताय." मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दारातच वीजमीटर, त्याची काच लख्ख पुसलेली. मीटरवाल्यांनी दार उघडलं. वर्षभरात माणूस दहा वर्षांनी थकला होता. मला बघून गोंधळले, पण लगेच बाजूला झाले. "या, या. बसा." जुना राग काढतील म्हणून मी मनात उत्तरं तयार करून आलो होतो. त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली.

वहिनी आत स्वयंपाकघरात होत्या. "भिंगवाले आलेत," मीटरवाल्यांनी आत सांगितलं, आणि आतून "हो" एवढंच आलं.

मी म्हणालो, "ते नाणं परत एकदा दाखवता का? जहाजाचं."

ते उठले. भिंतीशी लाकडी कपाट होतं, जुनं, पण कडीला नवंकोरं कुलूप. किल्ली त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात होती, पिनेनं टाचलेली. घरात माणसं दोन. मी म्हटलं, "कुलूप कशाला?" ते म्हणाले, "आता लावतो."

नाणं आता अल्बममध्ये नव्हतं, माझ्या शेऱ्याच्या पाकिटातच होतं. लाल शाई जराही फिकी झाली नव्हती. मी खिडकीशी गेलो, ऊन चांगलं येत होतं. नाणं फिरवलं आणि चकाकी फिरली, बाईच्या मानेवरून, जहाजाच्या शिडावरून, पूर्ण चक्कर. सपाट भाग आरशासारखा स्वच्छ. अक्षरांच्या फटींत जुन्या मळाची काळी कड, सबंध. रेघा फक्त गालावर आणि केसांवर, आडव्या, समांतर. या नाण्याला कोणी फडकं काय, फुंकरसुद्धा मारली नव्हती.

"हे अल्बममधून किती वेळा काढायचात?" मी विचारलं.

"दर रविवारी सकाळी. दोघंही बघायचो. तिच्या वडिलांचं ना ते."

मी वळलो आणि सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, बसायचं धैर्य नव्हतं. रेघा पट्टीच्या आहेत. अल्बम मी दिला. नाणं मी नीट बघितलं नाही. शेरा चुकीचा आहे. तुम्ही खरं बोलत होतात आणि मी चार लोकांत तुम्हाला लबाड ठरवलं. पुढच्या बैठकीत मी उभा राहून हेच सगळ्यांसमोर सांगणार आहे, आणि या वर्षीची मधली पेटी तुमची. मला माफ करा म्हणालो. खरं सांगायचं तर तेवढ्यातच मला थोडं हलकं वाटायला लागलं होतं.

मीटरवाले खुश झाले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते हळूच म्हणाले, "म्हणजे ते पुसलेलं नाहीच?"

"नाही."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "भावजी, तुम्ही उगाच स्वतःला बोल लावून घेताय. ते मीच पुसलं होतं."

मी म्हणालो, "नाही वहिनी. कोणीच पुसलेलं नाही. तेच तर सांगायला आलोय."

"अहो, पुसलं होतं मी. कपाट आवरत होते, अल्बम उघडा पडलेला. म्हटलं बाबांचं नाणं आहे, जरा उजळावं. पिवळं फडकं होतं. आधी मला आठवतच नव्हतं. हे रोज विचारायचे. जेवताना विचारायचे, कपडे वाळत घालताना विचारायचे, झोपायला पाठ टेकली की विचारायचे. मी पंधरा-वीस दिवस नाहीच म्हणत होते. मग एके दिवशी आठवलं." त्या हे अगदी शांतपणे सांगत होत्या, पत्ता सांगावा तसं. "माझ्या हातून झालं खरं. तेव्हापासून मी त्या कपाटाला हात लावत नाही."

मीटरवाले जमिनीकडे बघत होते. म्हणाले, "ती कबूल झाली त्या दिवशी मी कुलूप आणलं."

मी गळ्यातलं भिंग काढलं आणि वहिनींना खिडकीशी बोलावलं. त्यांच्या हातात नाणं दिलं, भिंग कसं धरायचं ते दाखवलं. "हे अक्षर बघा. त्याच्या फटीत काळी कड दिसते? फडकं फिरलं असतं तर ती राहिली नसती. आता हा सपाट भाग बघा. एक तरी रेघ आहे का?" त्या बघत राहिल्या. मी आठ सेकंद बघितलं होतं. त्यांनी दोन्ही बाजू बघितल्या, काठ बघितला, पुन्हा पहिली बाजू बघितली.

भिंग खाली घेऊन त्यांनी विचारलं, पण मला नाही, नवऱ्याला. "म्हणजे मी नाही?"

"नाही," मीटरवाले म्हणाले. त्यांना वर बघता येत नव्हतं.

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या. नाणं त्यांच्या तळहातावर तसंच होतं. त्याच्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "मग मला ते पिवळं फडकं कसं आठवतं?"

मीटरवाल्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. खरं काय नि खोटं काय ते मीच सांगतो ना, म्हणून उत्तराची वाट बघत होत्या, आणि त्या रविवारी 'घरी विचारा' म्हणालो होतो तोही मीच.